खोक्यावरचा आकडा आणि कागदावरचे छर्रे

एप्रिल जवळ आला की पत्रं वाढतात आणि त्यातली निम्मी काडतुसांबद्दल असतात. अमेरिकेत वसंतात टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम असतो, त्यासाठी या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी सहा निवडले आहेत.

प्रश्न : मिसुरीत पहिल्यांदाच टर्कीच्या शिकारीला जातोय. १२ बोअरची बंदूक घेतली, नळीला टर्कीचा चोकही (बार घट्ट ठेवणारं, नळीच्या तोंडाशी बसणारं अरुंद तोंड) बसवला. दुकानात ४, ५ आणि ६ अशा तीन नंबरांची शिशाची काडतुसं आहेत. कुठली घेऊ?

आधी टर्की कशी पडते ते समजून घ्या, म्हणजे नंबराचं कोडं आपोआप सुटेल. बदक उडताना टिपतात, अंगात कुठेही चार छर्रे बसले तरी ते खाली येतं. टर्कीचं तसं नाही. नर आठ-दहा किलोचा असतो. मिटलेल्या पंखांची जाड पिसं आणि छातीचं मांस छर्रे अडवतात. अंगावर बार बसलेला नर पळतो, उडतो आणि दोन दिवसांनी कुठल्या तरी ओढ्यात मरतो. माझ्या दुसऱ्या हंगामात माझ्या हातून हे झालं आहे. संध्याकाळपर्यंत शोधला, सापडला नाही. तेव्हापासून मी मेंदू आणि मानेचे मणके सोडून दुसरीकडे नेम धरलेला नाही.

म्हणजे लक्ष्य झालं मुठीएवढं डोकं आणि काकडीएवढी मान. त्यात पुरेसे छर्रे बसले पाहिजेत आणि प्रत्येकात हाड फोडण्याचं बळ हवं. नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा, हे ध्यानात ठेवा. ४ नंबरचा छर्रा ३.३ मिलिमीटरचा, ६ नंबरचा २.८ चा. एका औंसात शिशाचे ४ नंबरचे साधारण १३५ छर्रे बसतात, ५ चे १७० आणि ६ चे २२५. तीन इंची काडतुसात पावणेदोन औंस शिसं धरलं तर ४ नंबरचे २३५ च्या आसपास छर्रे मिळतात आणि ६ चे ३९० हून जास्त. ४ नंबर दूरवर जोर टिकवतो, पण विरळ पडतो. ६ नंबर दाट पडतो, पण त्याचा जोर लवकर ओसरतो.

मला विचाराल तर ५ नंबरपासून सुरुवात करा. पण माझं ऐकून दहा खोकी आणू नका. ५ आणि ६ चं एकेक खोकं आणा आणि मोठ्या कागदावर बार काढून बघा. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर कागद लावा आणि बार जिथे सर्वात दाट पडला असेल तिथे दहा इंचांचं वर्तुळ काढा, म्हणजे मोठ्या भाकरीएवढं. आतले छर्रे मोजा. शंभर किंवा जास्त असतील तर ते काडतूस तुमच्या नळीला मानवलं. सत्तर-ऐंशीच असतील तर पाच-पाच यार्ड पुढे या आणि शंभर जिथे भरतील ती तुमची हद्द समजा. एकाच कारखान्याच्या दोन बंदुका एकाच काडतुसानं वेगवेगळा बार पाडतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. एका मित्राच्या बंदुकीतून ५ नंबरच्या बारात मधोमध हातभर मोकळी जागा पडायची. तेच काडतूस माझ्या नळीतून चाळणीसारखं पडलं.

टेबलावर बंदूक टेकवून बार काढा, खांद्याला जाड पॅड लावा. नळीच्या टोकावरचा मणी आणि नेम जुळतात का हे आधी २०-२५ यार्डांवरून स्वस्तातल्या हलक्या काडतुसांनी पाहून घ्या. महाग काडतुसं दोन-तीनच जाळायची. आणि राज्याची नियमपुस्तिका वाचा. बऱ्याच राज्यांत टर्कीसाठी ४ नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही.

प्रश्न : टीएसएस काडतुसांचं इतकं कौतुक ऐकतो. एका काडतुसाला दहा डॉलरच्या वर मोजायचे, हे पटतं का?

टीएसएस म्हणजे टंगस्टनच्या मिश्रधातूचे छर्रे. शिशाची घनता ११ च्या थोडी वर, याची १८ च्या आसपास. धातू इतका जड की ९ नंबरचा, म्हणजे जेमतेम २ मिलिमीटरचा दाणासुद्धा शिशाच्या ५ नंबरच्या तोडीचा आत शिरतो. त्यामुळे छर्रा बारीक घेता येतो आणि संख्या वाढते. ९ नंबरचे औंसाला ३६० च्या घरात बसतात. जोर आणि दाटपणा यांत एकाची निवड करायची ती इथे करावी लागत नाही.

तुमची बंदूक १२ बोअरची असेल आणि तुम्ही नर ३० यार्डांच्या आत बोलावत असाल, तर शिसं पुरेसं आहे. पैसे वाचवा आणि ते सरावात घाला. खरी कमाल २० बोअर आणि .४१० या लहान नळीच्या बंदुकांत दिसते. पूर्वी .४१० घेऊन टर्कीला जाणाऱ्याला मी परत पाठवलं असतं. आज त्या लहानशा काडतुसात ९ नंबरचे जवळपास तीनशे छर्रे बसतात आणि ३० यार्डांवर नर जागेवर पडतो.

एक गोष्ट मात्र मला खुपते. टीएसएस हातात आलं की माणसं ६०-७० यार्डांवरून बार टाकतात. तिथे कागदावर छर्रे भरतात हे खरं, पण अंतराचा अंदाज दहा यार्डांनी चुकला, मध्ये फांदी आली किंवा नरानं मान फिरवली, तर जखमी पक्षी निघून जातो. टर्कीची शिकार ही त्याला जवळ बोलावण्याची शिकार आहे.

प्रश्न : काका, माझी उंची पाच फूट एक इंच. नवऱ्याची १२ बोअर साडेतीन इंची काडतुसांनी खांदा मोडते. २० बोअर घेतली तर चालेल का?

चालेल काय, तीच घ्या. साडेतीन इंचीचा धक्का इतका असतो की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि गाल बंदुकीच्या दस्त्यावरून उठतो. मग आत कितीही छर्रे असोत, ते डोक्यावरून जातात. २० बोअरच्या तीन इंची काडतुसात दीड औंस टीएसएस घेतलंत तर ९ नंबरचे ५४० च्या आसपास छर्रे मिळतात. शिशाच्या १२ बोअरपेक्षा जास्तच.

पण आता घरात दोन बोअर येणार, म्हणून हे नीट वाचा. २० बोअरचं काडतूस १२ च्या नळीत घातलं तर ते घरंगळून पुढे जातं आणि नळीत अडकतं. चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, रिकामं दिसतं. माणूस वर १२ चं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते. २० ची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या ठेवा, जॅकेटचे खिसे दर वेळी उलटे करून झाडा. तसंच तीन इंची चेंबरमध्ये साडेतीन इंची काडतूस भरू नका. ते बसतं, कारण खोक्यावरची लांबी उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. पण तोंड उघडायला आत जागाच उरत नाही आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो.

प्रश्न : नर बारा यार्डांवर पिसारा फुलवून उभा होता, तरी चुकला. काडतूस खराब होतं का?

काडतूस चांगलं होतं, बार फार घट्ट होता. टर्कीच्या चोकमधून बारा यार्डांवर छर्रे मोसंब्याएवढ्या गोळ्यात जातात. चार इंच इकडेतिकडे झालं की सगळं वाया. म्हणून कागद १० आणि २० यार्डांवरही लावायचा. शिवाय पिसारा फुलवलेल्या नराची मान अंगात आखडलेली असते, तेव्हा बार टाकू नये. एक तीव्र आवाज काढा, तो मान उंच करून बघतो. लाल मांसल गाठी संपून पिसं सुरू होतात तिथे मणी टेकवा आणि गाल दस्त्यावर घट्ट ठेवा.

प्रश्न : सिंधुदुर्गात आमच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची १२ बोअर आहे. अमेरिकेत भावाकडे ६ नंबरचं काडतूस फोडून पाहिलं, छर्रे आमच्या ६ पेक्षा मोठे वाटले. भास झाला का?

भास नाही. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश वळणाचे, एलजी-एसजी ही मोठ्या छर्ऱ्यांची नावंही तिथलीच. ब्रिटिश ६ नंबर २.६ मिलिमीटरचा, अमेरिकन ६ नंबर २.८ चा. ब्रिटिश ५ हा अमेरिकन ६ च्या जोडीचा. म्हणून मी नेहमी मिलिमीटर विचारतो. मात्र काडतूस फोडणं पुन्हा करू नका, आत प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, जिवंत असतो.

परतताना बॅगा तपासल्यात ना? भावाच्या शिकारीच्या पिशवीत सामान भरून आणलंत आणि कोपऱ्यात एक काडतूस राहिलं, तर मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

प्रश्न : एच-१बी व्हिसावर आहे. मित्राची बंदूक घेऊन टर्कीला जाता येईल का?

संघराज्याच्या कायद्यानं तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही, उसनंसुद्धा नाही. पण ज्याच्याकडे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना आहे त्याला यातून सूट आहे. म्हणून क्रम असा : आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना आणि टर्कीचा टॅग (पक्षी मारण्याची परवानगी-चिठ्ठी), आणि त्यानंतरच बंदुकीला हात, कागदावर बार काढायलासुद्धा. परवान्याची मुदत संपायच्या आत उरलेली काडतुसं मित्राच्या कपाटात परत गेली पाहिजेत. गाडीच्या डिकीत एखादं राहू देऊ नका. व्हिसा पणाला लागलेला असतो, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या, राज्याचे नियमही पाहा.

आणि पहिल्या सकाळी लाल, पांढरा किंवा निळा कपडा अंगावर नको, टोपीचा काठ किंवा मोजेसुद्धा नकोत. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि झाडामागे दुसरा शिकारी बसलेला असू शकतो.