मुलगी आयुष्यभर केबलच ओढणार का?

प्रश्न : मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोडदची रेडिओ दुर्बीण पाहून आल्यापासून फायबर नेटवर्कचं खूळ डोक्यात घेतलंय. इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला तिने कॉम्प्युटर घ्यावं, असं आम्हाला वाटतं. फायबर म्हणजे शेवटी केबल ओढणंच ना? – एक पालक, जुन्नर तालुका

नमस्कार. केबल ओढणाऱ्यांना कमी लेखू नका, पण मुलगी म्हणतेय ते काम केबल पुरून झाल्यावर सुरू होतं.

खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्यात. प्रत्येकीचा सिग्नल फायबरवरूनच, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपात, मध्यवर्ती इमारतीत येतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांचा डेटाही मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेपर्यंत असाच पोचतो. एक टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवर पाठवायला २२ तास लागतात, १० जीबीपीएसवर पाव तासही नाही. अर्थात हे कागदावर. एखादा कनेक्टर जरा मळका असला की अधूनमधून पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळतात. पुण्यातल्या पुण्यात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. जिनिव्हाला मात्र निरोप जाऊन पोच यायलाच सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. त्यामुळे एक पॅकेट हरवलं की टीसीपी (डेटा नीट पोचवण्याची इंटरनेटची नियमावली) वेग कमी करतं आणि तो पुन्हा चढायला बराच वेळ लागतो. लाइन १० जीबीपीएसची आणि फाइल मुंगीच्या पावलांनी! दोष काचेत, कनेक्टरमध्ये की सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, हे शोधणाऱ्याला प्रकाशही कळावा लागतो आणि सर्व्हरवरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमही.

म्हणून माझं मत ई अँड टीसीच. नेटवर्किंग आणि लिनक्स तिने घरी शिकावं, त्याला वेगळी ब्रँच लागत नाही. चांगल्या कॉलेजात फक्त कॉम्प्युटरच मिळत असेल तर तेही घ्या, रडत बसू नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो. निव्वळ संशोधन संस्थांमध्ये अशा जागा थोड्या, जाहिरातीही क्वचित निघतात. पण हेच कौशल्य टेलिकॉम कंपन्यांना लागतं, नवी मुंबईतल्या डेटा सेंटरना लागतं आणि वर्सोव्याला समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात तिथेही.

या सुट्टीत तिला एखाद्या स्प्लायसिंग (फायबरची जोडणी) करणाऱ्याबरोबर आठवडाभर पाठवा. १२५ मायक्रॉनची काच सोलून, सरळ कापून, मशिनमध्ये जोडताना हात स्थिर राहतो का, ते तिचं तिलाच कळेल. चष्मा लावायला सांगा आणि काचेचे तुकडे डबीतच टाकायला. बोटात गेला तर दिसतही नाही.