तेल मुरलेली माती जिवाणू आणि वीज वापरून खरंच साफ होते का?

होते, पण वीज तेल जाळत नाही. तेल खातात ते जिवाणूच. स्यूडोमोनास, ऱ्होडोकोकस यांसारखे जिवाणू हायड्रोकार्बन (तेलातले कार्बन-हायड्रोजनचे रेणू) फोडून त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. त्यांना हवा, ओल, नायट्रोजन, फॉस्फरस लागतं. आपल्याकडे 'टेरी' या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेचं 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचं मिश्रण तेलकट गाळावर वापरलं गेलंय, तेही विजेशिवाय.

मग वीज कशाला? चिकणमातीसाठी. तिच्यावर पाणी ओतलं तर वरच साचतं, खत जिवाणूंपर्यंत पोचतच नाही. दोन बाजूंना इलेक्ट्रोड (वीज सोडायच्या कांड्या) रोवून सेंटिमीटरला साधारण 1 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, दिली की मातीतलं पाणी धन टोकाकडून ऋण टोकाकडे सरकतं. खतातला नायट्रोजनही असाच सरकतो: अमोनियम त्याच दिशेला जातं, नायट्रेट उलट्या.

खरी गोम पुढे आहे. धन इलेक्ट्रोडजवळ माती आम्लधर्मी होते, ऋणाजवळ अल्कधर्मी, आणि दोन्हीकडे जिवाणू मरायला लागतात. म्हणून ठरावीक वेळाने ध्रुव उलटवायचे, म्हणजे धन-ऋण टोकांची अदलाबदल करायची, हे विसरून चालणार नाही.

माती वाळूसर असेल तर या खर्चात पडूच नका. नांगरून, खत-पाणी देऊन हवा खेळती ठेवा. डांबरासारखे जड घटक मात्र दोन्ही पद्धतींना फारशी दाद देत नाहीत.