सिस्टर राणी मारियांच्या स्मृतिकार्यक्रमाला किती खर्च धरावा?

मुंबईतल्या तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) 25 फेब्रुवारीला सिस्टर राणी मारियांच्या, म्हणजे 1995 मध्ये मध्य प्रदेशात खून झालेल्या केरळच्या धर्मभगिनीच्या, आठवणीसाठी मराठीतून तासाभराचा कार्यक्रम घ्यायचाय आणि हार, मेणबत्त्या, बॅनर, पाहुणे मिळून किती पैसे बाजूला ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय. मेणबत्त्यांचं शेवटी सांगते. आधी तासाभरात बोलायचं काय ते ठरवा, कारण या बाईंच्या बाबतीत नेमकं तेच दरवेळी हुकतं.

अशा कार्यक्रमांचा साचा ठरलेला असतो. खून, मग त्यांच्या बहिणीने मारेकऱ्याला बांधलेली राखी, मग डोळ्यांना रुमाल. त्यांना मारलं का, हे एका वाक्यात उरकतात: ‘गरिबांची सेवा केली म्हणून.’ सेवा केली म्हणून कोणी सुपारी देत नाही हो. औषधं वाटली असती, शाळा चालवली असती, तर सावकारांनीच त्यांचा सत्कार केला असता. 1992 मध्ये त्या मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात उदयनगरला आल्या आणि आदिवासींना बँकेच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. कर्ज कसं मागायचं, सरकारी योजनेचा अर्ज कुठे द्यायचा, बचत गट कसा बांधायचा हे शिकवलं. सावकाराच्या वहीतली नावं कमी व्हायला लागली. दुखलं ते इथे.

‘धर्मभगिनीने हिशोबाच्या वहीत कशाला नाक खुपसायचं’ असं म्हणणारा एकजण प्रत्येक कमिटीत असतो. त्याला कागद-पेन द्या आणि गणित करायला लावा. सावकाराचं शेकडा 10 महिना म्हणजे 10,000 रुपयांवर महिन्याला 1,000 व्याज. वर्षभर न चुकता भरलं तरी 12,000 गेलेले असतात आणि मुद्दल 10,000 जिथल्या तिथे. तेच 10,000 बँकेने वर्षाला 12 टक्क्यांनी दिले तर बारा हप्ते साधारण 888 रुपयांचे. एकूण 10,662 भरून मुद्दलासकट मोकळे. हा तक्ता मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा आणि घरकाम करणाऱ्या बायकांना पहिल्या रांगेत बसवा. शेकडा 10 त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

तिथून सरळ बचत गटावर या. 15 बायका, महिन्याला प्रत्येकी 100. सहा महिन्यांत 9,000 जमतात आणि त्यातूनच अंतर्गत कर्ज सुरू होतं. दोन टक्के महिना व्याज लावलं तरी ते गटाकडेच परत येतं. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब या पंचसूत्रीतलं पहिलं कोसळतं ते शेवटचं. इतिवृत्त बैठकीत न लिहिता घरी जाऊन आठवून लिहिलं जातं, सगळ्यांची पासबुकं एकीच्याच कपाटात राहतात, आणि पहिलं कर्ज सचिवबाईंच्या जावेला मिळतं. तिथून गट फुटतो. वही बैठकीतच लिहायची, मोठ्याने वाचायची, सह्या-अंगठे घ्यायचे आणि पासबुक ज्याचं त्याच्या घरी. अजून एक. मुंबईत आठवड्याला हप्ता घेणाऱ्या कंपन्यांच्या कर्जालाही बायका ‘गटाचं कर्ज’ म्हणतात. त्यात बचत नसते, फक्त एकीने दुसरीची हमी घेतलेली असते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात उभ्या. हा फरक सांगितला नाहीत तर राणी मारियांनी काय केलं हे कोणालाच कळणार नाही.

बँकेचा माणूस बोलवा, पण विमा विकायला नको म्हणून आधीच बजावा. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे आणि तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात करायची असते, हेही कोणीतरी सांगावं.

आता खुनाबद्दल. 25 फेब्रुवारी 1995, शनिवार. उदयनगरहून इंदूरला निघालेली बस, नाचनबोरचा डोंगर, सुपारी घेतलेल्या समंदर सिंगचे चाकूचे 50हून अधिक वार. वय 41. एवढं पुरे, जखमांची वर्णनं नकोत. समोर मुलं असतात. क्षमा सांगा, पण वर्षांसकट. सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली ती 2002 मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. 2006 मध्ये तो सुटला, त्यासाठी या कुटुंबानेही रदबदली केली होती, आणि 2007 मध्ये केरळात जाऊन तो त्यांच्या आईला भेटला. क्षमा एका संध्याकाळीत झाली असं वाटू देऊ नका. आणि क्षमा मिळाली म्हणून सावकारी माफ झाली, असंही नाही.

बॅनरवर ‘संत’ छापू नका. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केलं, संतपद अजून बाकी आहे. धन्य व्यक्तीचा सण सगळीकडे आपोआप साजरा होत नाही, म्हणून त्यांच्या नावाने मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) हवी असेल तर फादरना आधी विचारा. त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या, म्हणजे सिरो-मलबार या केरळच्या कॅथलिक परंपरेतल्या. त्याच परंपरेच्या कल्याण धर्मप्रांतातल्या मल्याळी मंडळींना गाठलंत तर फोटो आणि प्रार्थना मिळण्याची शक्यता जास्त. तारीखही बघा. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. तो 2026 मध्ये 18 फेब्रुवारीला, 2027 मध्ये 10 फेब्रुवारीला. दोन्ही वर्षी 25 तारीख प्रायश्चित्तकाळात येते, म्हणजे वेदीवर फुलं नाहीत आणि आलेलुयाचा जयघोषही नाही. हारांचा खर्च तिथेच वाचला. 2026 मध्ये तर त्या दिवशी बुधवार आहे. कामं आटपून बायका यायला साडेआठ वाजतात, संध्याकाळी सहाची वेळ ठेवाल तर समोर फक्त कमिटी बसलेली असेल.

पाहुण्यांना गाडीभाडं द्या, शाल-नारळ नको. मेणबत्त्या हॉलमध्ये पंख्याखाली विझतात आणि मेण फरशीवर सांडतं, मग दुसऱ्या दिवशी खरवडत बसा. फोटोपुढे काचेच्या ग्लासात एकच लावा. उरलेल्या पैशांतून बचत-कर्जाच्या कोऱ्या वह्या घ्या आणि निघताना प्रत्येक वस्तीला एक द्या.