१०० बोर्डांच्या पीसीबी असेंब्लीचा खर्च आधीच कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करणारा कंट्रोलर तयार आहे, १०० बोर्ड भरून हवेत, म्हणजे कोऱ्या सर्किट बोर्डांवर (पीसीबी) पार्ट बसवून सोल्डर करून, आणि पार्ट तुम्हीच देणार. एकाने बोर्डामागे १३० रुपये सांगितले, दुसऱ्याने २२५. यातला कोण फसवतोय?

बहुतेक कोणीच नाही. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका असेंब्ली युनिटमध्ये कोटेशन काढायचंच काम करतो. असा फरक दर आठवड्याला बघतो, आणि बहुतेक वेळा तो दरात नसून मांडणीत असतो.

तुमच्या बोर्डावर ६४ एसएमडी पार्ट (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे छोटे पार्ट) आहेत, २२ प्रकारचे, सगळे एकाच बाजूला. थ्रू-होल, म्हणजे भोकातून पाय घालून सोल्डर करायचे, १४, त्यांचे मिळून ६० पाय. आता हिशेबापुरते दर धरू, तुमच्या व्हेंडरचे नंतर घाला. एसएमडी दर नगाला ७५ पैसे, म्हणजे ४८ रुपये. थ्रू-होल दर पायाला सव्वा रुपया, म्हणजे ७५. झाले १२३. हा खर्च १० बोर्ड करा नाहीतर १०००, बोर्डामागे तेवढाच राहतो.

यानंतर येतो एकदाच होणारा खर्च. स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट नेमक्या जागी लावायचा भोकांचा पत्रा) ३००० आणि पार्ट बसवणाऱ्या मशीनचं प्रोग्रामिंग व सेटअप ६००० धरा. हे ९००० रुपये १०० बोर्डांवर वाटले की बोर्डामागे ९०, आणि बोर्ड पडला २१३ ला. २० च बोर्ड केले असते तर ५७३ ला पडला असता, १००० केले तर १३२ ला. म्हणून ‘एका पार्टचा दर काय’ एवढंच विचारून थांबू नका.

१३० वाल्याला फोन करून विचारा: स्टेन्सिल आणि सेटअप यात आहे का? नसेल तर तो २२० वर गेला. प्रोग्राम टाकून, सिम घालून, रिले वाजतोय का हे कोण बघणार? बोर्डाला ४ मिनिटं आणि माणसाचा तास १८० रुपयांचा धरला तरी १२ रुपये. झाले २३२. जीएसटीही दोघांनी धरलाय की नाही ते बघा.

सेटअप एवढा महाग का, हे मशीनपाशी उभं राहिलं की कळतं. प्रत्येक प्रकारच्या पार्टला वेगळा फीडर (रीलवरची टेप पुढे सरकवणारा भाग) लागतो. रील चढवायची, व्हॅल्यू तपासायची, नोझल पार्ट नीट उचलतंय का बघायचं. पार्ट ६४ आहेत की ८० याने मशीनला फार फरक पडत नाही. प्रकार २२ आहेत की ३५ याने आमचा अर्धा दिवस जातो. तुमच्या यादीत ४.७के आणि ५.१के (किलोओहम) असे दोन पुल-अप रेझिस्टर असतील आणि सर्किटला चालत असेल, तर दोन्ही ४.७के करा. एक फीडर वाचला.

थ्रू-होलकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण एकदाच होणारा खर्च सोडला तर तुमचा सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. टर्मिनल ब्लॉकचा (वायर कसायच्या कनेक्टरचा) जो पाय ग्राउंडच्या मोठ्या कॉपरला जोडलाय, तिथे थर्मल रिलीफ, म्हणजे पूर्ण कॉपरऐवजी बारीक पट्ट्यांनी केलेली जोडणी, ठेवलाय का? नसेल तर सोल्डरिंग गन लावली की सगळी उष्णता कॉपर ओढून घेतं. सोल्डर वरच गोळा होऊन बसतं, भोकात उतरत नाही. एका पायाला तिप्पट वेळ जातो, आणि तरीही जोड कच्चा राहण्याची भीती असते. असा बोर्ड आला की मी दर वाढवूनच देतो.

बीओएममध्ये, म्हणजे पार्टच्या यादीत, प्रत्येक ओळीला उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर लिहा. हे मी कळकळीने सांगतोय. गेल्या पावसाळ्यात एका कामात कपॅसिटरपुढे फक्त ‘४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट’ लिहिलं होतं. बोर्डावर भोकं ३.५ मिमी अंतरावर, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या डब्यासाठी. आणून दिले १० मिमीचे, पायात ५ मिमी अंतर. आमच्या दोन ताई दोन दिवस चिमट्याने पाय आत वळवत बसल्या, आणि तरीही डबा शेजारच्या रिलेला टेकलाच. ते दोन दिवस बिलात आले, ग्राहकाशी वाद झाला तो वेगळाच.

पार्ट मोजून आणू नका. ०६०३ मापाचे १०० रेझिस्टर म्हणजे ४ मिमी अंतराने ४० सेंमी टेप. फीडरमध्ये पकडायलाच टेपचा काही भाग जातो, त्यावरचे पार्ट वाया जातात. बोर्डावर तो रेझिस्टर एकदाच असेल तर १५० घ्या, सलग एकाच पट्टीत. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून कापलेले चार तुकडे आणले की ते जोडत बसावं लागतं. रेझिस्टरचा जास्तीचा खर्च काही रुपयांचा आहे. मोबाइल नेटवर्कला जोडणारं जीएसएम मॉड्यूल मात्र महाग, ते २ जादा पुरेत.

आता दोघांनाही एकच ईमेल पाठवा: गर्बर (बोर्डाच्या डिझाइनच्या फाइल), बीओएम, पिक-अँड-प्लेस फाइल (कुठला पार्ट कुठे बसतो ते सांगणारी), संख्या १०० आणि ५०० अशी दोन, आणि स्टेन्सिल, सेटअप, एसएमडी, थ्रू-होल, टेस्टिंग यांचे दर वेगवेगळे मागा. जो ते सुटे करून देईल त्याच्याकडून आधी ५ बोर्ड भरून घ्या आणि एक खऱ्या पंपावर आठवडाभर चालवून बघा. स्टेन्सिल तीच राहते, सेटअपचे पैसे मात्र दुसऱ्यांदा लागतील. पण १०० बोर्डांवरचा चुकलेला रिले उपसून काढण्यापेक्षा ते खूप कमी आहेत.