जुनी कुऱ्हाड घेण्याआधी

जुन्या बाजारात कुऱ्हाड दिसली की लगेच भाव विचारू नकोस. आधी धारेवर कानस फिरव. नुसती घसरली तर कडक पोलाद, सहज खोल चावली तर मऊ लोखंड. पूर्वी पोलाद महाग, म्हणून लोहार धारेपुरताच पोलादाचा तुकडा तापवून ठोकून जोडायचे. त्या जोडाची पुसट रेघ दिसली तर वस्तू सोडू नकोस.

आणि ग्राइंडर नको रे बाबा! मी एकदा वाकसाची, म्हणजे सुताराच्या लाकूड तासायच्या हत्याराची, धार तापवून निळी करून बसलोय. धारेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं की लोहारच गाठावा लागतो. गंजाला रॉकेल, चिंधी, सबुरी.

हत्याराच्या खुणा जुन्या लाकडी वस्तूंवरही सापडतात. सोलापुरात १८७७ साली कापड गिरणी आली, पण हातमाग सुताराच्याच हातचे. मोडीत निघालेला हातमाग दिसला तर मागची बाजू चाचपून बघ. रंधा न फिरलेल्या जागी वाकसाचे उथळ घाव बोटाला लागतात.