पंधरा व्हिलेजर गेले, डाव संपला का?

प्रश्न : एज ऑफ एम्पायर्स २ या युद्धनीतीच्या व्हिडिओ गेमची डेफिनिटिव्ह एडिशन ऑनलाइन खेळतो. परवा वन-व्हर्सेस-वनमध्ये कॅसल एजला (खेळातल्या तिसऱ्या युगात) समोरच्याचे १० नाईट (घोडेस्वार) आत घुसले आणि माझ्या ३४ पैकी १५ व्हिलेजर (माल गोळा करणारे कामकरी) मारले. मी तिथेच रिझाइन केलं, म्हणजे हार मानली. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं, तर त्याच्याकडे तेव्हा ३१च व्हिलेजर होते आणि टाऊन सेंटर (व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) एकच. डाव फिरवता आला असता का?

उत्तर : हो, आला असता. १० नाईट म्हणजे ६०० फूड आणि ७५० गोल्ड. नवी टाऊन सेंटरं बांधायची सोडून त्याने सगळं घोड्यांवर लावलं होतं. तुमचे १५ व्हिलेजर म्हणजे ७५० फूड. मालाच्या हिशेबात तुम्ही फार मागे नव्हता, मागे पडला होता ते वेळेत. एक व्हिलेजर २५ सेकंदांत तयार होतो, त्यामुळे एका टाऊन सेंटरमधून १५ काढायला सव्वासहा मिनिटं लागतात. दोन असतील तर साधारण सव्वातीन. सगळा डाव या फरकावर फिरतो.

पण आधी नाईट थांबवायला हवेत. टाऊन बेल (सगळ्या व्हिलेजरना आसऱ्याला बोलावणारी घंटा) वाजवू नका. बेल वाजली की दूर लाकडावर निर्धास्त काम करणारेसुद्धा धावत सुटतात आणि वाटेत घोड्यांना सापडतात. शिवाय एका टाऊन सेंटरमध्ये १५च जण मावतात. ज्या घोळक्यावर हल्ला झालाय तेवढाच निवडून आत घ्या, बाकीच्यांचं काम चालू राहू द्या. आत गेलेल्यांमुळे टाऊन सेंटरचे बाणही वाढतात.

मग बराकीतून पाइकमन काढा, म्हणजे स्पिअरमन या भालाईताचं सुधारित रूप. स्पिअरमनची किंमत ३५ फूड आणि २५ वूड, अपग्रेड झाल्यावर पाइकमनचीही तीच. त्यात गोल्ड लागत नाही. इथे एक गैरसमज खूप जणांना महागात पडतो. एकास एक लढतीत पाइकमन नाईटकडून हरतो! कुठलंही कवच-अपग्रेड नसताना १०० हिट पॉइंटचा (जीवनशक्तीचा) नाईट पाडायला पाइकमनला ५ वार लागतात, पण दोन वारांमध्ये त्याला सुमारे ३ सेकंद जातात. नाईटला ६ वार लागतात, मात्र तो दर १.८ सेकंदांनी मारतो आणि थोडक्यात जिंकतो. दोन पाइकमन एकत्र भिडले तर चित्र उलटतं: नाईट पडतो आणि दोघंही जिवंत राहतात. म्हणून एकेक पाइकमन निघाला की तसाच पुढे पाठवू नका. टाऊन सेंटरच्या सावलीत ६ ते ८ जमू द्या, मग लाकडाच्या जागी उभे करा. घोड्यांमागे धावायचं नाही. नाईट पाइकमनपेक्षा खूप वेगवान आहेत. ते तुम्हाला एका टोकाला ओढतील आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा व्हिलेजर मारतील.

उरलेल्या १९ जणांना गोल्डवरून काढा. एक टाऊन सेंटर अखंड चालवायला साधारण ६ शेतकरी लागतात, दोनसाठी १२. उरलेले ७ लाकडावर. दुसऱ्या टाऊन सेंटरला २७५ वूड आणि १०० स्टोन लागतो. सुरुवातीचे २०० स्टोन तुम्ही टॉवरवर उधळले नसतील तर स्टोन खणायचीही गरज नाही. ते जंगलाला चिकटून बांधा, म्हणजे लाकूडतोड्यांना आसरा मिळेल. तिसऱ्याची घाई नको: आणखी ६ शेतं म्हणजे ३६० वूड, ते एवढ्यात परवडत नाही.

बहुतेकांचा डाव इथेच पुन्हा फसतो. पहिला हल्ला परतवल्याच्या जोशात ते स्वतःचे नाईट काढायला गोल्डकडे वळतात आणि टाऊन सेंटर रिकामं पडून राहतं. व्हिलेजर पन्नाशीच्या जवळ जाईपर्यंत आक्रमण नको. मधल्या काळात समोरचा क्रॉसबो (तिरंदाज) आणेल, कारण पाइकमनवरचा तोच सरळ उतारा आहे. म्हणून आर्चरी रेंज आधीच उभी ठेवा. तिथून निघणाऱ्या, तिरंदाजांवर भारी पडणाऱ्या स्कर्मिशरला २५ फूड आणि ३५ वूड, पुन्हा गोल्ड नाही.

त्याच्याकडे तेव्हाच तीन टाऊन सेंटरं आणि साठेक व्हिलेजर असते, तर मात्र रिझाइन करणं योग्यच होतं.

प्रश्न : खाणीतलं गोल्ड संपल्यावर मार्केटवर (माल विकून गोल्ड घ्यायच्या इमारतीवर) किती भिस्त ठेवावी?

उत्तर : एखाद्या नेमक्या खरेदीपुरती. वूडचा सुरुवातीचा भाव १००, त्यातून ३० टक्के कापले जातात, म्हणून पहिल्या १०० वूडचे ७० गोल्ड येतात. प्रत्येक विक्रीनंतर भाव ३ ने उतरतो. सलग १,००० वूड विकलंत तर हाती साधारण ६०० गोल्ड येईल, आणि भाव तळाला गेला की १०० वूडला १४च. बाजार सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे समोरचाही वूड विकत असेल तर तुमचाही भाव पडतो. गिल्ड्स नावाच्या संशोधनाने ही कपात १५ टक्क्यांवर येते. रेलिक (नकाशावर सापडणारे पवित्र अवशेष) मात्र हातचे सोडू नका: मॉनेस्टरीत (मठात) ठेवलेला प्रत्येक रेलिक मिनिटाला ३० गोल्ड देतो आणि तो कधी संपत नाही.

प्रश्न : टीम गेममध्ये साथीदाराचा तळ पूर्ण उद्ध्वस्त झाला, त्याचे दोनच व्हिलेजर उरले. त्याला मदत करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, जर तो कॅसल एजला पोहोचला असेल आणि ते दोघं तुमच्या तळामागे लपू शकत असतील. तुमच्याकडे मार्केट हवं. खंडणीवर, म्हणजे साथीदाराला पाठवलेल्या मालावर, ३० टक्के शुल्क लागतं: ३०० वूड आणि १०० स्टोन पाठवायला तुमचे ३९० आणि १३० जातात. कॉइनेज या संशोधनाने शुल्क २० टक्के होतं, बँकिंगने शून्य. टाऊन सेंटरपुरता माल गेला की पुढे त्याला फक्त फूड पाठवा, व्हिलेजर काढण्यापुरतं. सैन्यासाठी गोल्ड पाठवू लागलात तर तुमची वाढ खुंटेल आणि एका मोडलेल्या खेळाडूचे दोन होतील.