'मणक्यात गॅप आलीय' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय 44. फलटणला माझं पोळीभाजी केंद्र आहे. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना पिठाचा डबा उचलला आणि कमरेत उसण भरली. तीन आठवडे झाले तरी वाकता येईना, म्हणून एमआरआय काढला. रिपोर्टात लिहिलंय : 'एल-4-5 ला डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर इंडेंटेशन.' ओळखीतले म्हणतात, मणक्यात गॅप आलीय, गादी सरकलीय. दुखणं आता बरंच कमी आहे, पायात कळ जात नाही. तरी यजमान मला परातीला हात लावू देत नाहीत. दिरांच्या आग्रहाखातर पुण्याला दुसऱ्या सेंटरमध्ये पुन्हा एमआरआय केला, तर त्यात एल-5-एस-1 चंही नाव आलं आणि पहिल्यातली एक गोष्ट गायबच! खरं कोणाचं मानू? ऑपरेशन करावं लागेल का? जड काम आता कायमचं सोडायचं का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी रिपोर्टाच्या आधी दोन वाक्यं शोधली आणि दोन्ही सापडली. दुखणं कमी होतंय आणि पायात कळ जात नाही. पायातली ताकद आणि लघवीवरचा ताबाही नेहमीसारखा असेल, तर या रिपोर्टासाठी ऑपरेशनचा विचार करण्याचं काहीच कारण मला दिसत नाही.

आता ते शब्द. 'एल-4-5' म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली जागा, 'एल-5-एस-1' म्हणजे तिच्या लगेच खालची. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती (डिस्क, म्हणजेच लोक म्हणतात ती 'गादी') असते, तिच्या आतला गर पाण्याने भरलेला असतो. एमआरआयचं यंत्र शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपतं. त्यामुळे ज्या चित्रांवर आम्ही चकत्या पाहतो, त्यांत पाणीदार चकती पांढरी दिसते आणि पाणी कमी झालेली काळपट. त्या काळपटपणाला आम्ही 'डेसिकेशन' म्हणतो. पाणी कमी झालेली चकती थोडी बसते आणि कडेने किंचित फुगते. तो 'बल्ज'. 'थीकल सॅक' म्हणजे नसा ज्या पाणीदार पिशवीत असतात ती. त्या पिशवीला चकतीची कड टेकली, एवढंच 'इंडेंटेशन' सांगतं. नस चिरडली असा त्याचा अर्थ नाही. आणि 'गॅप'? चकती बसली की मणक्यांमधली जागा उलट कमी होते. गॅप येतच नाही. पण हा शब्द गावोगाव इतका रुजलाय की माणसाला आपला कणा मधूनच उसवल्यासारखा वाटू लागतो, आणि मग तो वाकायलाच घाबरतो.

ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही, अशा लोकांचे एमआरआय काढले तर काय दिसेल? हा प्रश्न संशोधकांनी फार पूर्वी विचारला. अमेरिकेत 1994 साली 98 निरोगी माणसांच्या कमरेचं चित्रण झालं. त्यातल्या 52 टक्क्यांच्या निदान एका चकतीत बल्ज होता. पुढे 2015 मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी अशा 33 अभ्यासांमधल्या, दुखणं नसलेल्या 3110 लोकांची माहिती एकत्र केली. मेंदू, मणका, डोकं आणि मान यांच्या चित्रणाला वाहिलेल्या 'अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी'त ती छापून आली. त्यांचा अंदाज असा : विशीतही 30 टक्के लोकांना बल्ज, चाळिशीत 50 टक्क्यांना, साठीत 69 टक्क्यांना. चकतीची झीज विशीत 37 टक्के, चाळिशीत 68 आणि ऐंशीत 96 टक्के. म्हणजे तुमच्या वयाच्या, ठणठणीत कंबर असलेल्या दहा बायका तुमच्या केंद्राबाहेर रांगेत उभ्या केल्या, तर साधारण पाच जणींच्या रिपोर्टात हाच 'बल्ज' निघेल.

हे आकडे मी कळकळीने सांगते, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकांचा रिपोर्ट मीच लिहिला होता. जवळपास तुमच्यासारखाच. दोन वर्षांनी त्या दुसऱ्याच तपासणीसाठी आल्या, तेव्हा कमरेला पट्टा होता. मांडी घालून जेवायला बसणं त्यांनी सोडलं होतं, नातवाला उचलणं सोडलं होतं. मी विचारलं, दुखतं का हो अजून? म्हणाल्या, "दुखत नाही, पण तुम्हीच लिहिलंय ना, गादी फुगलीय म्हणून." त्यांच्या नातवाची कडेवर बसण्याची वर्षं माझ्या एका ओळीने खाल्ली. त्या दिवसापासून मी रिपोर्टाखाली लिहू लागले, की या वयात हे बदल दुखणं नसलेल्यांमध्येही नेहमी आढळतात.

अशी ओळ छापून किती फरक पडतो, हेही अमेरिकेत तपासलं गेलं. 98 दवाखान्यांमधून सुमारे दोन लाख चाळीस हजार रुग्णांवर. 2020 मध्ये निष्कर्ष आला : पुढच्या तपासण्या आणि उपचार एकूणात कमी झाले नाहीत, फक्त अफूजन्य वेदनाशामकांचं प्रमाण किंचित घटलं. तेव्हा नुसतं लिहून भागत नाही, समोर बसवून सांगावं लागतं. आता मी फिल्म प्रकाशपेटीवर लावून दाखवते.

तुमच्या दोन रिपोर्टांचं म्हणाल, तर त्यात कोणी खोटं बोललेलं नाही. न्यूयॉर्क भागात एका 63 वर्षांच्या बाईंचे तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत एमआरआय काढले गेले. तो अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. दहा रिपोर्टांत मिळून 49 वेगवेगळे दोष नोंदले होते आणि दहाही जणांनी लिहिलाय असा त्यात एकही नव्हता. किरकोळ फुगवट्याला 'बल्ज' म्हणायचं की सोडून द्यायचं, हे वाचणाऱ्याच्या नजरेवर जातं. शिवाय यंत्र वेगळं, काप घेण्याची जागा वेगळी. तेव्हा आता कृपा करून तिसरा एमआरआय काढू नका. त्या पैशांत पीठ मळायचं यंत्र येत असेल तर ते घ्या. कमरेला त्याचा उपयोग जास्त होईल.

जड काम कायमचं सोडायचं नाही, हळूहळू परत आणायचं. आधी रोज चालणं, मग परात. ती जमिनीवर न ठेवता ओट्यावर, कमरेच्या उंचीला ठेवा. पिठाचा मोठा डबा एकदम उचलण्याऐवजी पाच-पाच किलोच्या पिशव्या करा. महिनाभराने पुन्हा वाढवा. पाठीचे आणि पोटाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीनदा समोर शिकून घ्या. पहिले काही दिवस थोडं दुखेल, त्याने चकती फाटत नाही. आणि यजमानांना हे पत्र वाचायला द्या. त्यांची काळजी मला कळते, पण तुमचं काम थांबवून कंबर बळकट होणार नाही.

प्रश्न : मी 29 वर्षांचा, पिंपरीत नोकरी करतो. दहा दिवसांपासून कंबर दुखतेय. डॉक्टर एमआरआय लिहून द्यायला तयार नाहीत. मी स्वतःच काढून घेऊ का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : नको. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते तुमच्या भल्याचंच आहे. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत उतरतात. पायात कळ जाणाऱ्या सायटिकामध्येही चित्र फसवतं. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला, तेव्हा बरे झालेल्यांपैकी 35 टक्क्यांची आणि बरे न झालेल्यांपैकी 33 टक्क्यांची चकती सरकलेलीच दिसत होती.

पण काही लक्षणं असतील तर दहा दिवससुद्धा थांबायचं नाही. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या, सायकलच्या सीटला टेकणाऱ्या भागात बधिरपणा येणं : यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. पाऊल किंवा पायाचा अंगठा वर उचलता येईनासा झाला तरी लगेच दाखवा. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा घरात कोणाला क्षयरोग असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून दिसतो, आणि तिथे एमआरआय खरोखर कामाला येतो. तुम्ही पत्रात यातलं काहीच लिहिलेलं नाही. नसेल तर चालत राहा, दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठा, आणि दीड महिन्यात उतार पडला नाही तर त्याच डॉक्टरांकडे परत जा.